कुलुपातील तबकड्या

आमच्या मंडळाच्या ग्रंथालयात एक लोखंडी कपाट आहे. जुने दिवाळी अंक, गणेशोत्सवाच्या जमाखर्चाच्या वह्या, नाटकाच्या दोन दाढ्या आणि पेटीचा एक फाटका भाता, एवढाच ऐवज त्यात वर्षानुवर्षे पडून होता. त्या कपाटाला कधी कुलूप लागल्याचे कोणास स्मरत नाही. गेल्या पावसाळ्यापासून मात्र त्याला पितळी कुलूप लागले असून किल्ली खजिनदारांच्या खिशात असते. कारण एवढेच की, त्या कपाटात आता ६४ तबकड्या आहेत.

या तबकड्या मंडळाच्या एका दिवंगत सभासदांच्या. केंद्र सरकारच्या सेवेत असताना १९८६-८७ साली ते प्रशिक्षणासाठी शिकागो येथे होते. परत येताना बरोबरच्या मंडळींनी कॅमेरे आणि टेप-रेकॉर्डर आणले. यांनी एक पेटी भरून गाण्याच्या तबकड्या आणल्या. पुढे दिल्ली, गुवाहाटी, मद्रास, पुन्हा दिल्ली अशा बदल्या झाल्या. प्रत्येक बदलीत ती पेटी ट्रकवर सर्वांत शेवटी चढे आणि सर्वांत आधी उतरे, असे त्यांच्या पत्नी सांगतात. बदलीच्या नोकरीत संसाराचे सामान कसे गळत जाते, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगावयास नको. मुले परदेशी, सदनिका लहान, म्हणून गेल्या वर्षी बाईंनी ती पेटी मंडळाच्या स्वाधीन केली. देताना त्या दोनच शब्द बोलल्या : "वाजवीत जा."

महिनाभर त्या पेटीकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. मग कार्यकारिणीतील एका सभासदांच्या चिरंजिवांनी सहज म्हणून मोबाइलवर त्यांतील काही तबकड्यांच्या किमती पाहिल्या, आणि त्या संध्याकाळपासून पेटीची 'ठेव' झाली. एकेका तबकडीला पाच-सात हजार रुपये मागितले जातात. एकदोनींना त्याहून पुष्कळ अधिक. तेव्हापासून कार्यकारिणीत तीन पक्ष पडले. तबकड्या विकाव्या आणि सभागृहाच्या गळक्या छपराचे काम काढावे, असे पहिल्या पक्षाचे म्हणणे. दुसरा पक्ष म्हणतो, विकण्याची घाई कशाला? भाव वर्षागणिक चढत आहेत. न हाताळता, न वाजविता, प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून ठेवून द्याव्या. आणि शिकागोच्या काळ्या लोकांच्या या नाचगाण्याशी महाराष्ट्रीय मंडळाचा संबंधच काय, हा तिसऱ्या पक्षाचा प्रश्न. बहुमत दुसऱ्या पक्षाचे झाले आणि कुलूप आले.

प्रस्तुत लेख त्या कुलुपाविरुद्ध आहे. मी मंडळाचा साधा सभासद, हुद्द्याने कारकून. कार्यकारिणीतील गृहस्थ माझ्याहून वयाने व अधिकाराने मोठे आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे. त्यांच्या कुलुपाविषयी नाही.

प्रथम तिसऱ्या पक्षाचा समाचार घेतो, कारण त्याचा आक्षेप सर्वांत सोपा आहे. लावणीविषयी आपल्याच शिष्ट मंडळींनी एके काळी हेच म्हटले होते, आणि आज तीच मंडळी निवडक लावण्यांचे कार्यक्रम पहिल्या रांगेत बसून ऐकतात. कीर्तनातील आणि देवळातील गायकी रंगभूमीवर आली व नाट्यसंगीत घरोघर पोहोचले, तसेच काहीसे १९५० नंतर अमेरिकेत घडले. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील आर्त, सामूहिक गायन ऐहिक प्रेमाच्या, विरहाच्या आणि पुढे नागरी हक्कांच्या गाण्यांत उतरले. त्याला सोल हे नाव पडले. शिकागोचे कर्टिस मेफील्ड हे त्या परंपरेतील एक थोर नाव. आमच्या पेटीत त्यांच्या तीन तबकड्या आहेत. हाउस हे या सोलचे नातवंड म्हणता येईल. मधली पिढी डिस्कोची. एका मात्रेसारखी दुसरी, असा चार ठोक्यांचा सरळ ठेका, मिनिटाला सुमारे १२० ठोक्यांची लय, आणि त्यावर कधी चर्चमधल्यासारखा आर्त कंठ, तर कधी नुसतीच संथ स्वरावली. ऐकणाऱ्याला आरंभी वाटते की यात काहीच घडत नाही. भजनाच्या चक्री ठेक्यात पहिली दहा मिनिटे परक्याला हेच वाटत असेल.

हे संगीत कोठे जन्मले? शिकागोच्या साउथ जेफरसन रस्त्यावरील २०६ क्रमांकाच्या इमारतीत, 'वेअरहाउस' नावाच्या नृत्यगृहात, १९७७ पासून न्यूयॉर्कहून आलेले फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवीत. तेथे येणारे मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाचे समलिंगी तरुण. शहरातील इतर दारे ज्यांना बंद, अशांची ती जागा. 'वेअरहाउस'चे शेवटचे अक्षर-समूह तेवढे उरले आणि संगीताला 'हाउस' हे नाव पडले. २०२३ साली शिकागो नगरपालिकेने ती इमारत संरक्षित वास्तू म्हणून घोषित केली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु इमारतीच्या भिंती जपण्यासारख्या असतील, तर त्या भिंतींच्या आत जे वाजत होते त्याचे काय?

त्याचे एकदा काय झाले होते, ते सांगण्याजोगे आहे. १२ जुलै १९७९ या दिवशी शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर एका रेडिओ-निवेदकाच्या पुढाकाराने डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवून देण्याचा समारंभ झाला. जो प्रेक्षक एक तबकडी घेऊन येईल त्याला ९८ सेंटांत प्रवेश. दोन सामन्यांच्या मध्यंतरात तबकड्यांचा ढीग उडविला, हजारो लोक मैदानात घुसले, आणि मैदानाची अशी दुर्दशा झाली की यजमान संघाला दुसरा सामना न खेळता हरावा लागला. त्या दिवशी व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा तेथे प्रेक्षकांना जागा दाखविण्याच्या कामावर होता. लोकांनी आणलेल्या ढिगात डिस्कोशी काडीचाही संबंध नसलेल्या, केवळ काळ्या गायकांच्या म्हणून आणलेल्या सोलच्या तबकड्या पुष्कळ होत्या, असे त्याने पुढे सांगितले आहे. याच मुलाने पाच वर्षांनी, १९८४ साली, जेसी सॉन्डर्स याच्याबरोबर 'ऑन अँड ऑन' हे गाणे रचले. हाउसची पहिली तबकडी म्हणून ती ओळखली जाते.

आता दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे कुलुपाच्या पक्षाकडे, वळतो. त्यांचे म्हणणे असे की, वस्तू दुर्मिळ आहे म्हणून ती जपली पाहिजे. मी म्हणतो, ही वस्तू दुर्मिळ व्हावी म्हणून कोणी निर्माणच केली नव्हती. तिचा सारा जन्म स्वस्ताईत झाला. रोलँड या जपानी कंपनीने १९८० च्या सुमारास ठेका आणि खर्जाचे स्वर वाजविणारी काही छोटी यंत्रे काढली. खऱ्या वादकाची जागा त्यांनी घ्यावी अशी कंपनीची अपेक्षा होती. ती साफ फसली, आणि यंत्रे जुन्या बाजारात पडेल त्या भावाने विकली जाऊ लागली. ज्यांच्याजवळ वादकांना देण्यास पैसे नव्हते, स्टुडिओ भाड्याने घेण्याची ऐपत नव्हती, अशा शिकागोच्या पोरांनी ती उचलली आणि घरच्या खोलीत बसून गाणी केली.

आणि ही पोरे कोण होती? येथे मला, एक सरकारी नोकर म्हणून, थोडा अभिमान वाटू द्या. 'मूव्ह युवर बॉडी' हे १९८६ सालचे गाणे हाउसचे राष्ट्रगीत समजले जाते. ते रचणारे मार्शल जेफरसन शिकागोच्या टपाल कचेरीत रात्रपाळीला होते, आणि गाण्यासाठी त्यांनी आवाज आणले तेही त्याच टपाल कचेरीतील सहकाऱ्यांचे. रात्रभर पत्रांची वर्गवारी करावी, सकाळी घरी जाऊन संगीत करावे! आपल्यापैकी कित्येकांनी फायलींच्या ढिगाआडून कविता लिहिल्या आहेत, नाटकाच्या तालमी केल्या आहेत. त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. गुंतवणूकदारांच्या कपाटासाठी त्या टपाल-कारकुनांनी घसा फोडला नव्हता.

अर्थात त्या स्वस्ताईला दुसरी, काळी बाजूही होती. शिकागोच्या बहुतेक प्रसिद्ध तबकड्या 'ट्रॅक्स' या छापाखाली निघाल्या. तिचे मालक लॅरी शर्मन यांचा स्वतःचा तबकड्या छापण्याचा कारखाना होता; जुन्या तबकड्या भरडून त्याच मालावर नव्या छापल्या जात, आणि त्यामुळे गाण्याबरोबर खरखरही फुकट मिळे, अशी ऐकणाऱ्यांची सार्वत्रिक तक्रार. कलावंतांची तक्रार याहून गंभीर होती. लॅरी हर्ड यांचे 'कॅन यू फील इट' हे १९८६ सालचे, शब्दांवाचूनचे, अतिशय शांत वादन. या प्रकारात त्याहून सुंदर काही मी ऐकलेले नाही. २०२० साली हर्ड आणि गायक रॉबर्ट ओवेन्स यांनी, आपल्या गाण्यांचा मोबदला आपणास मिळाला नाही, म्हणून ट्रॅक्सविरुद्ध न्यायालयात दावा लावला. २०२२ साली तडजोड होऊन गाण्यांचे हक्क त्यांच्याकडे परत आले. छत्तीस वर्षांनी! त्याच वर्षी जेफरसन यांच्यासह डझनाहून अधिक कलावंतांनी आणखी एक दावा लावला.

या छत्तीस वर्षांत 'कॅन यू फील इट'च्या मूळ प्रती जुन्या बाजारात या हातातून त्या हातात गेल्या, भाव चढत गेला, आणि प्रत्येक सौद्यात कोणाचे तरी भले झाले. गाणे करणाऱ्याचे मात्र नाही. जुन्या तबकडीच्या पुनर्विक्रीतून कलावंताला एक छदामही मिळत नाही. कुलुपातील 'ठेव' ज्यांना वाढवावयाची आहे, त्यांनी हा हिशेब एकदा नीट मांडावा.

पुनर्मुद्रणाचे महत्त्व मला येथे वाटते. संपलेले पुस्तक पुन्हा छापावे तशी जुनी तबकडी, मूळ ध्वनिफितीवरून, मूळ हक्कदाराच्या संमतीने व त्याला त्याचा वाटा देऊन, पुन्हा काढावयाची. शिकागोतच २००३ साली 'न्यूमेरो ग्रुप' ही संस्था या कामासाठी निघाली. सोलच्या बुडालेल्या छोट्या छोट्या कंपन्या शोधावयाच्या, गायकांचे पत्ते लावावयाचे, करार करावयाचे, सविस्तर माहितीसह तबकड्या काढावयाच्या, असा तिचा व्यवसाय. शिकागोचे गायक सिल जॉन्सन यांचे 'डिफरंट स्ट्रोक्स' हे १९६७ सालचे गाणे. त्यातील तुकडे उचलून कितीतरी नव्या गायकांनी आपली गाणी सजविली, आणि आपल्या हक्कासाठी जॉन्सन वकिलांचे उंबरे झिजवीत राहिले. २०१० साली न्यूमेरोने त्यांचे समग्र संगीत एका पेटीत प्रसिद्ध केले. ग्रॅमी पारितोषिकाची दोन नामांकने त्या पेटीला मिळाली. तेव्हा जॉन्सन सत्तरी उलटून गेले होते, पण जिवंत होते. २०२२ साली ते वारले. ज्याचा सन्मान करावयाचा तो हयात असताना तो झाला, हे आपल्याकडील समग्र वाङ्मयांच्या प्रकाशन-समारंभांना नेहमी साधते असे नाही.

परंतु पुनर्मुद्रण म्हटले की सारेच पवित्र, असे मानणाऱ्यांतला मी नव्हे. या धंद्यातही कुलुपाचा रोग शिरला आहे. '३०० प्रती, क्रमांक घातलेल्या, पुन्हा छापणार नाही' ही जाहिरात मी इतक्यांदा वाचली आहे की तिची चीड यावी. पुन्हा छापणार नाही! हा काय पराक्रम झाला? आपल्या एखाद्या प्रकाशकाने पुस्तकाच्या मलपृष्ठावर 'याची दुसरी आवृत्ती निघणार नाही याची आम्ही ग्वाही देतो' असे छापले, तर आपण त्याला वेड्यात काढू. येथे मात्र लोक रांगा लावतात. २००८ पासून दर वर्षी वसंतात तबकड्यांच्या दुकानांचा एक दिवस साजरा होतो. छोटी दुकाने जगावी हा त्याचा हेतू स्तुत्य होता. पण त्या सकाळी दुकानात घेतलेली प्रत संध्याकाळी दुप्पट-तिप्पट भावाने विकावयास काढणारे महाभाग त्यातूनच निपजले. त्यांनी तबकडीचे वेष्टनही काढलेले नसते. तिच्यावर कोणाचे गाणे आहे याची त्यांना चौकशी नसते.

या रोगाचे मूळ जुने आहे. इंग्लंडच्या उत्तर भागात, मँचेस्टरच्या 'ट्विस्टेड व्हील'मध्ये आणि पुढे १९७३ ते १९८१ पर्यंत विगन येथील 'कॅसिनो'त, गिरण्या-कारखान्यांतील तरुण रात्रभर अमेरिकेतील अप्रसिद्ध सोलच्या तबकड्यांवर नाचत. फार मोठ्या मनाची, प्रेमाची चळवळ ती. अमेरिकेत ज्यांना कोणी विचारले नाही अशा शेकडो गायकांना त्या कामगारांनी अमर केले. पण तेथेच काही तबकडी-वादकांनी आपल्या तबकडीवरील नाव पांढऱ्या कागदाने झाकून गायकाचे भलतेच नाव सांगण्याची रीत पाडली; हेतू हा की दुसऱ्या वादकाला ती सापडू नये. गायकाला प्रसिद्धी द्यावयाची आणि त्याच वेळी त्याचे नावही दडवावयाचे! फ्रँक विल्सन यांचे 'डू आय लव्ह यू' हे १९६५ सालचे गाणे याचे टोक म्हणता येईल. मोटाउन कंपनीने ते विक्रीला काढण्याआधीच प्रती नष्ट केल्या. दोन तेवढ्या वाचल्या असे मानतात. त्यांतील एक २००९ साली २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. आता गंमत पाहा. हेच गाणे मोटाउनच्या इंग्लंडमधील शाखेने १९७९ साली रीतसर पुनर्मुद्रित केले होते, आणि ती तबकडी कोणालाही विकत घेता येत होती. सुई दोन्हींतून तेच गाणे काढते. मग २५ हजार पौंड कशाचे? दुसऱ्याजवळ नाही, याचे.

या ठिकाणी प्रामाणिकपणे एक आक्षेप नोंदविला पाहिजे, कारण तो खरा आहे. छोटा निर्माता म्हणतो : "महाराज, माझ्याजवळ भांडवल नाही. तीनशेच गिऱ्हाईक आहे. पाचशे छापल्या तर दोनशे माझ्या पलंगाखाली राहतील." याला माझ्याजवळ उत्तर नाही आणि देण्याची इच्छाही नाही. शिवाय त्याच्यापुढे दुसरे संकट आहे. तबकडीचा धंदा आता पुन्हा मोठ्यांचा झाला आहे. २०२२ साली अमेरिकेत सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या विकल्या गेल्या आणि १९८७ नंतर प्रथमच त्यांनी सीडींना संख्येत मागे टाकले. कारखाने थोडे, मागणी प्रचंड. त्यातच फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथील एक कारखाना जळाला. ध्वनी प्रथम ज्या लेपाच्या चकतीवर कोरतात ती चकती करणारे जगात दोनच मोठे कारखाने होते, त्यांतील हा एक. पुढील दोन वर्षे बड्या कंपन्यांच्या लाखो प्रतींच्या रांगेमागे या तीनशे-प्रतीवाल्यांनी महिनोन्‌महिने तिष्ठावे, अशी अवस्था झाली. ज्यांनी पडत्या काळात, कोणी विचारीत नसताना, कारखान्यांना काम दिले तेच रांगेत शेवटी! सरकारी कचेरीत हे दृश्य आपण रोज पाहतो, तरी त्याची सवय होऊ नये.

पण गरजेपोटी तीनशे छापणे वेगळे आणि तीनशेवर थांबण्याची शपथ घेणे वेगळे. तबकडी कशी होते ते पाहा. कोरलेल्या चकतीवर धातूचा मुलामा देऊन तिचे साचे आणि साच्यावरून ठसे करतात. हा खर्च पहिल्या प्रतीआधीच होऊन गेलेला असतो. एका ठशातून हजाराच्या आसपास प्रती चांगल्या निघतात. म्हणजे तीनशेनंतर जी प्रत निघेल ती सर्वांत स्वस्त पडेल, आणि नेमकी तीच काढावयाची नाही अशी ही प्रतिज्ञा. डेट्रॉइटचे लोक पाहा. तेथे आर्चर नावाच्या घराण्याचा कारखाना १९६५ पासून तबकड्या छापीत आहे, आणि त्या शहरातील स्वतंत्र वृत्तीच्या संगीतकारांच्या कित्येक तबकड्या तेथून निघाल्या. थिओ पॅरिश १९९७ पासून 'साउंड सिग्नेचर' या स्वतःच्याच छापाखाली आपले हाउस प्रसिद्ध करीत आले आहेत. छाप स्वतःचा, हक्क स्वतःचे. शिकागोच्या छत्तीस वर्षांच्या अनुभवातून शहाणे झालेल्यांचा हा मार्ग आहे.

तिसऱ्या पक्षासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. मुंबईच्या चित्रपटसंगीतात चरणजित सिंग नावाचे वादक होते. १९८२ साली त्यांनी रोलँडची तीच यंत्रे घेऊन 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. ललत, भूपाळी, तोडी, मालकंस असे दहा राग, खाली यंत्राचा अखंड ठेका. एचएमव्हीने ती काढली आणि कोणी तिच्याकडे लक्ष दिले नाही. पाच वर्षांनी, १९८७ साली, शिकागोच्या 'फ्यूचर' या त्रिकुटाने त्याच खर्जाच्या यंत्राचे कान पिळून 'ॲसिड ट्रॅक्स' काढले आणि यूरोपभर वादळ उठले. शिकागोच्या मुलांनी मुंबईची तबकडी ऐकली होती असे मुळीच नव्हे; दोन शहरांनी एकमेकांना न विचारता एकाच यंत्रातून जवळजवळ एकच ध्वनी काढला. ही तबकडी पुन्हा कोणाच्या हाती लागली? एदो बाउमन या डच संग्राहकाच्या. कोठे? दिल्लीतील एका दुकानात! आपण ज्या शहरात दर रविवारी भाजी आणि जुनी पुस्तके हुडकीत फिरतो, त्याच शहरात. त्याने ती २०१० साली 'बॉम्बे कनेक्शन' या छापाखाली पुन्हा प्रसिद्ध केली. चरणजित सिंग सत्तरीत यूरोपच्या तरुणांपुढे आपली यंत्रे घेऊन वाजवू लागले. २०१५ साली ते वारले. दिल्लीच्या त्या दुकानातली प्रत एखाद्या ठेव-प्रेमी गृहस्थाने आधी नेऊन कपाटात घातली असती तर? मुंबईतच जन्मलेल्या आशा पुथली यांचे १९७६ सालचे 'स्पेस टॉक' न्यूयॉर्कच्या डेव्हिड मँकुसो यांच्या 'लॉफ्ट'मध्ये आवडीने वाजत असे, हेही आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तेव्हा "आमचा संबंध काय" हे जरा जपून म्हणावे.

आता पुन्हा कपाटाकडे. माझ्या काही मित्रांची समजूत अशी की, मी विक्रीच्या विरुद्ध आहे. मी नाही. मूळ प्रतीतून आणि पुनर्मुद्रित प्रतीतून तेच गाणे निघते, असे मीच वर म्हटले आहे. ते मला माझ्या दारीही लागू केले पाहिजे. ज्यांना पहिल्या छापाचीच हौस आहे त्यांना आपल्या प्रती खुशाल विकाव्या. छपराचे काम व्हावे. गेल्या श्रावणात कोजागरीच्या बैठकीचे गालिचे भिजले, ते मीच उचलले आहेत. पण त्या रकमेतील काही भाग बाजूला काढून 'कॅन यू फील इट', 'मूव्ह युवर बॉडी', मेफील्ड यांच्या नव्या छापाच्या तबकड्या घ्याव्या, आणि घेताना हक्क कोणाचा ते पाहून घ्याव्या. आपण कागद पाहणारी माणसे आहोत; तबकडीवरील बारीक अक्षरांत मालकाचे नाव असते, ते वाचावयास आपल्याला कोणी शिकवावे लागणार नाही. उरल्यास हयात संगीतकारांच्या दोन नव्या तबकड्याही घ्याव्या. आणि महिन्यातून एक संध्याकाळ वाजवाव्या, पुस्तकांप्रमाणे घरी न्यावयास द्याव्या. ओरखडे पडतील. ग्रंथालयातील पुस्तकांवरही चहाचे डाग पडतात. म्हणून आपण ती न वाचता ठेवली नाहीत.

एक अपवाद मात्र मी करीन. ६४ पैकी ११ तबकड्यांच्या वेष्टनांवर त्या दिवंगत गृहस्थांनी पेन्सिलीने मराठीत लिहिले आहे. कोठे नुसती तारीख आणि "४ डॉलर". एकीवर : "शनिवार. बर्फ. दुकानापर्यंत चालत गेलो." 'मूव्ह युवर बॉडी'च्या वेष्टनावर : "दुकानदार म्हणतो, हे पोस्टातले लोक आहेत. पोस्टातले!" तबकड्या पाहण्यास आलेल्या व्यापाऱ्याने या अकरा प्रती बाजूला काढल्या आणि लिखाणामुळे किंमत निम्म्यावर येते असे सांगितले. मग खजिनदारांचा चेहरा पाहून तो म्हणाला, "काळजी करू नका, पेन्सिल आहे. मी खोडरबराने पुसून घेईन."

या अकरा विकू नयेत आणि त्यांना खोडरबर लागू देऊ नये, असा ठराव मी सर्वसाधारण सभेपुढे मांडणार आहे. सभा येत्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला आहे. मंडळाजवळ तबकडी वाजविण्याचे यंत्र नाही, म्हणून माझे घेऊन येतो. जुने आहे, पण सुई नवी घातली आहे. बाईंनी येण्याचे कबूल केले आहे. खजिनदारांनी किल्ली आणावी.